अँथुरियम : जितकी पाने, तितकी फुले



आजच्या भाषणाचा विषय आहे अँथुरियम. लग्नाच्या मांडवात, सभेच्या व्यासपीठावर किंवा हॉटेलच्या दर्शनी टेबलावर हे फूल आपण पाहिलेले असेल. तेलाचा हात फिरवल्यासारखे तुकतुकीत लाल, बदामाच्या आकाराचे पान आणि त्यातून वर आलेली पिवळसर शेंडी. पहिल्यांदा पाहणारा माणूस हात लावून ते प्लॅस्टिकचे तर नाही ना, याची खात्री करून घेतो. फूल झाडावर दीड-दोन महिने टिकते, म्हणून घरात ठेवण्यासाठी कुंडीतील झाडालाही शहरात गिऱ्हाईक आहे. साहजिकच शेडनेट उभारून अँथुरियम लावावे, असा विचार अनेक बागायतदार बोलून दाखवतात.

विचार चांगला आहे. परंतु शेडनेटसाठी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी दहा कुंड्या घराच्या पडवीत वर्षभर सांभाळून पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या वर्षात एक एप्रिल-मे आणि एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे. दहा कुंड्यांना जे नियम लागू पडतात तेच हजार झाडांनाही लागू पडतात. चूक झाली तर पडवीत दोन रोपे जातात, शेडनेटमध्ये सगळे भांडवल जाते.

अँथुरियम मूळचे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया आणि इक्वेडोरच्या ओल्या जंगलातील. एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पती-संग्राहकाला ते १८७६ मध्ये कोलंबियात आढळले आणि त्याच्या नावावरूनच त्या जातीला आंद्रियानम हे नाव मिळाले. त्या जंगलात हे झाड जमिनीत मुळे रोवून वाढते असे नाही. पुष्कळदा ते मोठ्या झाडाच्या बुंध्यावर, खोबणीत साठलेल्या पालापाचोळ्यात, शेवाळ्याच्या आधाराने राहते. पाऊस वारंवार पडतो, पण मुळांपाशी पाणी थांबत नाही. डोक्यावर उंच झाडांचे छप्पर असल्यामुळे ऊन गाळून येते. हवा दमट असते आणि ती सतत खेळती असते. अँथुरियमची काळजी घेणे म्हणजे झाडाच्या फांदीवरचे हे घर कुंडीत उभे करणे. आपण मात्र सवयीने त्याला मातीचे घर देतो. काळी माती, शेणखत आणि रोज तांब्याभर पाणी या उपचाराने अँथुरियम सहा महिन्यांत पिवळे पडते. मग पाणी कमी पडले असावे असे समजून आपण आणखी पाणी घालतो.

आता फुलाविषयी. आपण ज्याला फूल म्हणतो तो लाल भाग म्हणजे खरे तर रूप बदललेले पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुले मधल्या शेंडीवर दाटीने बसलेली असतात आणि ती इतकी बारीक असतात की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. बागायतदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. वाढ झालेल्या झाडाच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकच कळी येते. एक पान, त्याच्या बेचक्यातून एक फूल, मग पुढचे पान, असा क्रम चालतो. चांगल्या व्यवस्थापनात एका खोडाला वर्षाला साधारण पाच ते आठ पाने येतात, म्हणून फुलेही पाच ते आठच. आपल्याला एखादा विक्रेता एका रोपाला वर्षाला वीस-पंचवीस फुले मिळतील असे सांगत असेल, तर त्याला शांतपणे विचारावे की, पाने किती येतील? हजार रोपांपासून वर्षाला पाच ते आठ हजार फुले, आणि तीही झाड भरात आल्यावर. ऊतिसंवर्धित रोप लावल्यापासून विक्रीयोग्य फुले यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. कर्जाचा हप्ता त्याआधीच सुरू होणार असेल, तर हा हिशेब अर्ज भरतानाच मांडून पाहावा.

पान तेवढे फूल असल्यामुळे पान जपणे हेच या पिकातील मुख्य काम ठरते. पानाचे आरोग्य मुळांवर अवलंबून असते आणि मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. म्हणून सुरुवात कुंडीतील माध्यमापासून करू.

कोकणात यासाठी लागणारा उत्तम माल घरातच पडलेला असतो. नारळाची सोडणे घ्यावीत आणि त्यांचे सुपारीएवढे तुकडे करावेत. असे दोन भाग तुकडे, एक भाग विटांचे तुकडे आणि एक भाग लोणारी कोळसा हे मिश्रण चांगले काम देते. माती अजिबात घालू नये. मात्र सोडणे वापरण्यापूर्वी धुणे अत्यंत आवश्यक आहे. ताज्या सोडणातून तांबडा रस सुटतो. खाडीच्या किंवा मचूळ पाण्यात भिजलेली सोडणे असतील, तर त्यात मीठही असते. गोड्या पाण्यात तीन-चार दिवस बुडवून ठेवावीत, रोज पाणी बदलावे आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसू लागले की मगच वापरावीत. हे कंटाळवाणे काम टाळले जाते आणि नंतर पानांचे शेंडे करपले की रोपवाटिकेला दोष दिला जातो.

कुंडी आठ ते दहा इंचांची पुरे. मोठ्या कुंडीत ओल जास्त काळ कोंडून राहते. तळाला भोके भरपूर असावीत आणि त्यांवर विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. रोप लावताना वाढीचा कोंब माध्यमात गाडला जाणार नाही, हे पाहावे. झाड वाढते तसे खालची पाने जुनी होऊन जातात, खोड उघडे पडते आणि त्यावर हवेत लोंबणारी मुळे दिसू लागतात. ही मुळे कापू नयेत. त्यांच्याभोवती सोडणाच्या तुकड्यांची भर द्यावी. खोड हात-दीड हात उंच होऊन झाड कलू लागले, की दोन-तीन मुळ्यांसह शेंडा कापून नव्या कुंडीत लावता येतो. खाली राहिलेल्या खोडाला पुन्हा फुटवे येतात.

प्रकाशाचा अंदाज पानांवरून घ्यावा. शेडनेट असेल तर ७५ टक्के सावलीचे कापड लागते. घरी पूर्वेची पडवी किंवा गॅलरी उत्तम. सकाळचे कोवळे ऊन चालते, नऊ-दहानंतरचे थेट ऊन चालत नाही. झाडावर हात धरून पाहावा. हाताची सावली पडली, पण तिच्या कडा पुसट असल्या तर प्रकाश योग्य समजावा. पाने फिकट होऊन मध्येच वाळल्यासारखे डाग पडले तर ऊन जास्त होत आहे. पाने गर्द हिरवी, देठ लांबच लांब आणि फुलाचा पत्ता नाही, असे असेल तर झाड अंधारात आहे. शहरातील ग्राहकाची तक्रार बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. झाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, वातानुकूलित यंत्राच्या झोतात ठेवलेले असते. कुंड्या विकणाऱ्याने ग्राहकाला ही दोन वाक्ये सांगून ठेवली, तर तोच ग्राहक पुढच्या वर्षी दुसरी कुंडी घ्यायला येतो.

पाणी किती द्यावे, या प्रश्नाला ठरावीक उत्तर नाही. बोटाची दोन पेरे माध्यमात घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. थोड्या दिवसांत कुंडी उचलून वजनावरूनच कळू लागते. सोडणाच्या मिश्रणातून पाणी लवकर निघून जाते, त्यामुळे उन्हाळ्यात रोज पाणी लागते, थंडीत दिवसाआड आणि पावसाळ्यात पडवीतील कुंडीला कधी कधी चार-पाच दिवस लागत नाही. पाणी बुंध्यापाशी द्यावे. उन्हाळ्यात हवा कोरडी होते तेव्हा कुंड्यांच्या भोवतालची जमीन, वाळूचा थर किंवा विटा ओल्या ठेवाव्यात. त्याने हवेत दमटपणा राहतो. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची सवय मात्र सोडावी. रात्रभर ओली राहिलेली पाने रोगाला आमंत्रण देतात. त्याचे कारण पुढे येईल.

घाटावरच्या शेतकऱ्यांनी आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यावे. अँथुरियमला किंचित आम्ल, म्हणजे साडेपाच ते साडेसहा सामूचे माध्यम मानवते. क्षारयुक्त, जड पाण्याने वर्षभरात माध्यमावर पांढरी पुटे चढतात आणि मुळांची टोके करपतात. अशा ठिकाणी पन्हाळीचे पावसाचे पाणी टाकीत साठवून या पिकासाठी राखून ठेवावे. ज्यांच्याकडे ती सोय नाही, त्यांनी व्यापारी लागवडीच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खत थोडे थोडे आणि वारंवार द्यावे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांनी द्यावे आणि मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट त्याच प्रमाणात द्यावे. दोन्ही एका बादलीत कालवू नयेत, साका तयार होऊन खत वाया जाते. कॅल्शियम कमी पडल्यास लाल महाछदाच्या खालच्या टोकांचा रंग उडतो व तेथे तपकिरी डाग पडतो. असे फूल बाजारात कोणी घेत नाही. नत्राचा जादा मारा करू नये. त्याने पाने मोठी व लुसलुशीत होतात, पण तशा पानांत रोग लवकर शिरतो. काही जण प्रेमाने शेणकाला ओततात. इतर झाडांना तो अमृत असेल, अँथुरियमच्या कुंडीत मात्र त्याने हवेच्या पोकळ्या बुजतात.

आता या पिकातील सर्वांत गंभीर विषयाकडे वळू. तो म्हणजे जिवाणूजन्य करपा.

अमेरिकेतील हवाई बेटांवर अँथुरियम १८८९ मध्ये लंडनहून नेण्यात आले. तेथील दमट हवा त्याला मानवली. हिलो या गावाच्या परिसरात लहान लहान शेतकऱ्यांनी झाडांच्या सावलीत त्याच्या बागा केल्या आणि तेथून जगभर फुले जाऊ लागली. १९८० नंतर या बागांत झँथोमोनास जिवाणूचा करपा पसरला. दहा वर्षांत फुलांचे उत्पादन जवळपास निम्म्यावर आले आणि कितीतरी लहान बागायतदारांचा धंदा कायमचा बंद पडला. शेतकरी अडाणी नव्हते, हवामानही तेच होते. रोग रोपांबरोबर, सुरीबरोबर, पाण्याच्या थेंबाबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत गेला.

या रोगाची वाट समजून घ्या. सकाळी अळूच्या पानाच्या कडेला पाण्याचे थेंब जमलेले आपण पाहतो. अँथुरियम अळूच्याच कुळातील असल्याने त्याच्याही पानांच्या कडेला असे थेंब येतात. झाडात रोग असेल तर जिवाणू या थेंबातून बाहेर पडतात आणि निरोगी पानाच्या कडेवरील त्याच छिद्रांतून आत शिरतात. पाऊस, वरून मारलेले पाणी, ओल्या पानांतून फिरणाऱ्या माणसाचे कपडे आणि फुले कापणारी सुरी हे सगळे त्याचे वाहक आहेत.

सुरुवातीला पानाच्या कडेजवळ, मागच्या बाजूने, तेलकट-पाणथळ ठिपके दिसतात. पुढे ते तपकिरी होतात आणि त्यांच्याभोवती पिवळी कड येते. रोग खोडात उतरला की पाने पिवळी पडतात, देठ नुसत्या स्पर्शाने सुटून हातात येतो आणि खोड कापल्यास आत तपकिरी रंग दिसतो. क्षारांमुळे करपलेले शेंडे कोरडे असतात आणि त्यांच्याभोवती पाणथळपणा किंवा पिवळी कड नसते. हा फरक डोळ्यांत बसला पाहिजे, म्हणून तर दहा कुंड्या आधी सांभाळायच्या.

खोडात शिरलेला हा रोग बरा करणारे औषध नाही. असे झाड कुंडी व माध्यमासह जागेवरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे आणि बागेपासून दूर नेऊन जाळावे किंवा खोल पुरावे. उकिरड्यावर टाकू नये. शेजारच्या कुंड्या वेगळ्या काढून त्यांवर लक्ष ठेवावे. फुले काढताना दोन सुऱ्या ठेवाव्यात. एक जंतुनाशकाच्या भांड्यात बुडालेली आणि दुसरी हातात. झाड बदलले की सुरी बदलावी. पाने ओली असताना बागेत काम करू नये.

रोप आणताना खात्रीच्या प्रयोगशाळेतील ऊतिसंवर्धित रोपच घ्यावे. आपल्याकडे फुलझाडे हातोहात फिरतात. पाहुण्यांकडे गेल्यावर वहिनींनी एक फुटवा काढून दिला, तर नाही म्हणवत नाही. परंतु हा जिवाणू झाडात कित्येक महिने कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. म्हणून भेटीचा फुटवा घ्यावा, पण तो घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा आणि पुढचा पावसाळा निरोगी काढल्याशिवाय इतर कुंड्यांत मिसळू नये. डिफेनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेन्ड्रॉन ही शोभेची झाडे आणि आपले अळू याच कुळातील आहेत व हा जिवाणू त्यांच्यावरही जगू शकतो. अँथुरियमच्या शेडनेटमध्ये त्यांना जागा देऊ नये.

कोकणातील बागायतदारांसाठी येथे दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली छपराची. शेडनेटचे कापड ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. उलट कापडावर जमलेले थेंब मोठे होऊन पानांवर आपटतात. कोकणातील चार महिन्यांच्या मुसळधार पावसात खत धुऊन जाते, मुळे कुजतात आणि करपा असेल तर तो सगळीकडे पोहोचतो. शेडनेटच्या वर पारदर्शक पॉलिथिनचे छप्पर पाहिजेच. खर्चाच्या अंदाजपत्रकातून ते वगळून कोणी स्वस्त आकडा देत असेल, तर तो स्वस्त नव्हे.

दुसरी गोष्ट बोर्डो मिश्रणाची. सुपारीच्या कोळे रोगावर आपण वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारतो आणि ते उपयोगीही आहे. पण अँथुरियमला तांबे सहन होत नाही. तांबेयुक्त बुरशीनाशकाने त्याची पाने व फुले करपतात. सुपारीच्या बागेत, नैसर्गिक सावलीत अँथुरियम ठेवण्याची कल्पना म्हणूनच वरवर सोयीची वाटली, तरी वरच्या शिंपणात खालचे झाड भाजून निघते. बाजूच्या बागेत फवारणी असेल त्या दिवशी कुंड्या आत घ्याव्यात. बोर्डो मारलेला पंपही यासाठी वापरू नये.

किडींचा त्रास मानाने कमी असतो. फुलकिडे कळीत शिरले की महाछदावर पांढरट ओरखडे उठतात. ते दिसल्यास त्या कळ्या काढून नष्ट कराव्यात आणि निळे चिकट सापळे लावावेत. पिठ्या ढेकूण व खवले कीड ओल्या फडक्याने पुसून काढता येतात, दहा कुंड्यांना औषध लागत नाही. पावसाळ्यात गोगलगायी रात्रीतून कोवळी पाने खातात. संध्याकाळी ओले गोणपाट व पपईची पाने टाकून ठेवावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

घरात लहान मुले किंवा गोठ्यात वासरे असतील, तर एक सूचना. अळू खाजते ते ज्यामुळे, तेच बारीक सुईसारखे स्फटिक अँथुरियममध्येही असतात. अळूच्या भाजीत आपण चिंच किंवा आमसूल घालतो आणि ती शिजवतो. अँथुरियम खाण्याचे झाड नाही. पान चावल्यास तोंडाची आग होते व ओठ सुजतात. कुंडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

शेवटी काढणीसंबंधी. मधल्या शेंडीचा रंग खालून वर बदलत जातो. दोन-तृतीयांश शेंडी रंग बदललेली दिसली की फूल काढण्यास तयार झाले. लवकर काढलेले फूल देठाशी मान टाकते. फूल सकाळी काढावे, देठ लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावा. नीट हाताळलेले फूल फुलदाणीत दोन ते तीन आठवडे टिकते. येथे एक मोठा घोटाळा होतो. गुलाब थंडीत टिकतो म्हणून व्यापारी अँथुरियमही त्याच शीतगृहात ठेवतो. हे उष्ण जंगलातील झाड आहे. १३ अंशांच्या खाली त्याचे फूल निळसर-काळपट पडते. सावलीतील, हवा खेळती असलेली साधी खोली त्याला शीतगृहापेक्षा बरी. मुंबई-पुण्याला माल पाठवताना खोक्यावर ठळक अक्षरांत 'बर्फात ठेवू नये' असे लिहावे, आणि ज्या गाडीत गुलाबाचा माल थंड करून चालला आहे, तिच्यात आपली खोकी चढवू नयेत.